मागे राहिलेलीची साक्ष

खारघर हे निर्णयांनी वसलेले गाव आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, पुढे डोंगराच्या पायथ्याशी सेक्टर आखले गेले, हार्बर मार्गाची गाडी आली आणि तिच्यामागून आपण सारे आलो. मूळची गावे आणि त्यांतले आगरी-कोळी ग्रामस्थ वगळले, तर इथल्या प्रत्येक दारामागे ‘इकडे यावे की न यावे’ या प्रश्नावर झालेली एखादी लांबलेली रात्र आहे. कॅथलिक कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. कुणी वसईची वाडी सोडून आले, कुणी सावंतवाडीकडून, कुणी गोव्याहून, कुणी मंगळूरहून. मिस्सा आटोपल्यावर अंगणात नवी ओळख होते तेव्हा आपण हटकून विचारतो, ‘इकडे कसे आलात?’ आणि उत्तर पुष्कळदा एकच येते, ‘देवाची इच्छा.’

हे उत्तर प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे दिले आहे. अलीकडे मात्र ते ओठांवर येता येता अडखळते. त्याला कारण एक पुस्तक झाले आहे, आणि हा लेख त्या पुस्तकाविषयी आहे.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पाच-सहा कुटुंबे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमतो आणि एखादे मराठी पुस्तक मोठ्याने वाचतो. मराठीशी आमच्या मुलांचा संबंध शाळेतल्या एका विषयापुरता उरला आहे. निदान घरात तिचा आवाज राहावा, एवढाच मूळ हेतू. पहिले पुस्तक म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ निवडली तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने सौम्य हरकत घेतली. पुस्तक थोर आहे, पण ते प्रोटेस्टंट घरातले. आपण फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून का आरंभ करू नये? हरकत रास्त होती. परंतु ‘ख्रिस्तपुराणा’ची सतराव्या शतकातली भाषा मोठ्याने वाचण्यास फार सराव लागतो, आणि ‘स्मृतिचित्रे’ तर कुणीही उघडावे आणि वाचू लागावे असे. अखेर सोपेपणाने बाजी मारली. ते पुस्तक किती अवघड आहे, हे आम्हाला नंतर कळले.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी वाचकांनी ती दोन प्रकारे वाचली आहेत. साहित्याचे समीक्षक तिच्यातला प्रांजळपणा, विनोद आणि बोलीचा गोडवा यांची वाखाणणी करतात आणि धर्मांतराच्या प्रकरणाजवळ आले की आवाज खाली घेतात. जणू एका सुंदर संसारकथेत तेवढे एक अडचणीचे पान आहे. ख्रिस्ती वाचक नेमके उलट करतो. तो त्या पानाची वाट पाहत असतो. त्याला ती एका ब्राह्मण दांपत्याच्या श्रद्धांतराची साक्ष वाटते आणि बाकीचे चूल, भांडी, भांडणे, विसरभोळेपणा हे साक्षीभोवतीचे मनोरंजन. मला या दोन्ही वाचनांत एकच उणीव दिसते. हे पुस्तक ज्या प्रश्नाभोवती फिरते, तो प्रश्न दोन्ही ठिकाणी सुटून जातो. एका माणसाला देव वाट दाखवतो, तेव्हा त्याच्याबरोबर बांधलेल्या दुसऱ्या माणसाचे काय होते? तिला कोण वाट दाखवतो?

घटना बहुतेकांना ठाऊक आहेत. तरी क्रमाने सांगितलेल्या बऱ्या. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कवी, कीर्तनकार, धर्माच्या शोधात अस्वस्थ झालेले गृहस्थ. नोकरी सोडणे, घरातून न सांगता निघून जाणे आणि खिशातले सगळे दुसऱ्याला देऊन रिकाम्या हाताने परतणे, हा त्यांचा स्वभावच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटला. काव्यावर गप्पा झाल्या, त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (आपण कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणतो, टिळकांच्या घरातला शब्द बाप्तिस्मा, म्हणून इथे तोच ठेवला आहे.)

लक्ष्मीबाई त्या वेळी सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांना हे आधी सांगितलेले नव्हते. बातमी आली ती झालेल्या गोष्टीची. नवरा जिवंत, आणि तरी तो आपला राहिला नाही, अशी त्यांची स्थिती. पदरात लहान दत्तू. पुढची चारएक वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरात, काढतात.

आता थोडे थांबून जगातल्या ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहावे. ईश्वरी हाक आणि माणसाचा निर्णय यांविषयी आपल्याकडे सर्वांत मोठा मानला जाणारा ग्रंथ म्हणजे संत ऑगस्टीन यांची ‘कबुली’. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेतला तो प्रसंग सर्वश्रुत आहे: शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज येतो, ऑगस्टीन तो देवाचा आदेश मानतात, पौलाचे पत्र उघडतात आणि जिथे दृष्टी पडते तो उतारा त्यांचा संशय संपवतो. याच ग्रंथात, त्या प्रसंगाच्या बरेच आधी, एक स्त्री येऊन जाते. ती ऑगस्टीन यांच्याबरोबर वर्षानुवर्षे राहिलेली, त्यांच्या मुलाची, आदेओदातूसची, आई. ऑगस्टीन यांचे एका सुस्थितीतल्या मुलीशी लग्न ठरले म्हणून हिला दूर केले गेले. यापुढे दुसरा पुरुष पाहणार नाही असा नवस करून, मुलाला मागे ठेवून, ती आफ्रिकेला परतली. आपले काळीज रक्तबंबाळ झाले, असे ऑगस्टीन तिथे मोकळेपणाने नोंदवतात. पण तिचे नाव ते देत नाहीत. सोळा शतके होऊन गेली. जगाला ऑगस्टीन यांचे अश्रू ठाऊक आहेत, तिचे नाव ठाऊक नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. परमहंस सभेतल्या सहवासापासून बाप्तिस्म्यापर्यंत मनाने कोणकोणती वळणे घेतली, याचा तो विचारपूर्वक मांडलेला आलेख आहे. गंभीर, प्रामाणिक, मोठे पुस्तक. तरीही तो आलेख चालणाऱ्याचा आहे. जो चालला त्याने लिहिले.

‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण इथे आहे. टिळकांचा निर्णय आपल्यापर्यंत टिळकांच्या लेखणीतून येत नाही. तो येतो, जिला न विचारता तो घेतला गेला, तिच्या तोंडून. बागेतल्या ऑगस्टीन यांच्याविषयी आफ्रिकेला परतलेल्या त्या बाईने लिहिले असते तर ते कसे झाले असते, याची कल्पना ज्याला करायची असेल त्याने मराठी शिकावी, असे मी थोड्या अभिमानाने म्हणेन. आणि त्या बाईच्या लेखणीत विष नाही, हे त्याहून मोठे नवल.

विष नाही याचा अर्थ हिशेब नाही असा मात्र नव्हे. लक्ष्मीबाई हिशेब पक्का ठेवतात. तो शब्दांत न मांडता प्रसंगांत मांडतात. टिळकांच्या मोठेपणाचा प्रसंग सांगून झाला की त्याच्या पाठोपाठ, त्या मोठेपणामुळे घरात त्या दिवशी काय शिजले नाही, ते येते. दोन्ही एकाच स्वरात. कुठे ‘पाहा’ म्हणून बोट दाखवणे नाही. देवाचे नाव त्या घेतात, पण कोडे सोडवण्याची किल्ली म्हणून क्वचितच. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण ज्या सहजतेने वाक्याच्या शेवटी पूर्णविरामासारखे ठेवतो, तशी सहजता या पुस्तकात मला आढळली नाही. आमच्या वाचनात हे प्रथम लक्षात आले ते माझ्या पत्नीच्या.

इथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. २००६ साली आम्ही वसई सोडली. माझी नोकरी बेलापूरला होती आणि जाण्यायेण्यात दिवसाचे चार-पाच तास जात. खारघरला जागा घ्यावी असा विचार मनात घोळत होता, पण धीर होत नव्हता. एका रात्री प्रार्थना करून मी पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडले आणि बोट ठेवले. उत्पत्तीचा बारावा अध्याय निघाला: अब्राहामाला आपला देश, आपले गणगोत सोडून निघण्याची झालेली आज्ञा. याहून स्पष्ट काय हवे? सकाळी मी पत्नीला सांगितले, देवाने उत्तर दिले आहे. ती वसईतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत असे. चौदा वर्षांची नोकरी होती. तिने ती सोडली. काही म्हटले नाही. वसई–दिवा मार्गाच्या गाडीने सामानाचे शेवटचे गाठोडे घेऊन आम्ही आलो, तेव्हा तिच्या मांडीवर शाळेतल्या मुलांनी दिलेले कुंडीतले तुळशीचे रोप होते. ख्रिस्ती बाईला मुलांनी तुळस द्यावी याचे मला तेव्हा हसू आले होते.

गेल्या श्रावणात टिळकांच्या बाप्तिस्म्याचे प्रकरण वाचून झाले. कुणीतरी म्हणाले, ‘पण त्यांना खात्रीच झाली होती ना, मग थांबणार कसे?’ पत्नी चहाचे पेले गोळा करीत होती. ती म्हणाली, ‘अब्राहामालाही खात्री होती. सारायला कुणी विचारले होते का, ते मात्र त्या अध्यायात नाही. मी शोधले आहे.’

अठरा-एकोणीस वर्षांनी आलेले उत्तर होते ते. ते कुणासाठी होते, हे खोलीत फक्त दोघांना कळले. (त्याच उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात देव अब्राहामाला सारेचे ऐक असे सांगतो, हे मी रात्री तिला दाखवले. तिने ते आधीच वाचले होते. त्या ऐकण्यापायी हागारचे काय झाले, तेही तिने मला वाचायला लावले. शास्त्रवचने सोयीने उचलणाऱ्याची ही अशी गत होते.)

डोळे मिटून बोट ठेवण्याच्या या प्रथेविषयी समीक्षकाच्या नात्याने दोन शब्द. आपण ऑगस्टीन यांचा दाखला देतो, परंतु त्यांच्या बागेतल्या क्षणामागे वर्षांची झुंज, आईची प्रार्थना, संत आंब्रोझ यांची प्रवचने आणि मित्रांशी झालेल्या चर्चा होत्या. आणि त्या क्षणीही अलीपियुस जवळ होता, त्याला त्यांनी लगेच ते पान दाखवले. आपण मधले सारे वगळतो आणि बोट तेवढे ठेवतो. प्रेषितांच्या कृत्यांत यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरे. पण ती पेन्टेकॉस्टच्या आधीची गोष्ट. पवित्र आत्मा उतरल्यावर त्या पुस्तकात चिठ्ठ्या पुन्हा दिसत नाहीत. पंधराव्या अध्यायात, यरुशलेमच्या सभेत, सुंतेचा वाद निकालात निघतो तो वादविवाद करून, पेत्राचे, पौलाचे, बर्णबाचे, याकोबाचे ऐकून. आणि मग पत्र लिहिताना निर्णयाचे कर्तेपण पवित्र आत्मा आणि सभा अशा दोघांच्या नावे घातले जाते.

आता प्रश्न येतो की टिळकांचा १८९५चा निर्णय चुकला का? आमच्या बैठकीत यावर बरेच कडाक्याचे बोलणे झाले. सत्याची खात्री पटल्यावर पत्नीच्या संमतीसाठी थांबणे म्हणजे सत्याचा सौदा, असे एका बाजूचे म्हणणे. ते सहज खोडून काढता येणारे नाही. घरच्यांची संमती मिळेपर्यंत थांबायचे ठरवले तर पुष्कळ संत आजही थांबलेलेच असते. दुसरी बाजू म्हणे, बाप्तिस्मा घ्यावा, पण सांगून घ्यावा. मला ही दुसरी बाजू पटते, आणि माझ्या मते पुस्तकालाही तीच पटते. पण पुस्तक तिथे थांबत नाही. टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर जे केले त्याकडे ते आपले लक्ष वळवते.

त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसाला जोडीदार धर्मांतराच्या कारणाने सोडून गेला, तर विवाह मोडून घेण्याची सोय १८६६च्या कायद्याने केलेली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी वाट पाहिली. पत्नी परत आली ती ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे, आपली निराळी चूल, आपले पाणी घेऊन आली. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात ब्राह्मणी स्वयंपाकघर मांडले गेले, आणि ते जपण्याची सोय टिळकांनी स्वतः केली. ज्याने एका रात्रीत स्वतःचे सारे बदलले, त्या उतावळ्या माणसाने तिच्या बाबतीत दाखवलेला हा धीर. पहिल्या निर्णयात तिला जी जागा मिळाली नाही, ती नंतर त्यांनी तिला दिली. माझ्या मते टिळकांच्या ख्रिस्तनिष्ठेचा सर्वांत मोठा पुरावा आगगाडीतल्या भाकितात नाही, बाप्तिस्म्यातही नाही. तो त्या दुसऱ्या चुलीत आहे.

आणि त्या चुलीपाशी लक्ष्मीबाईंचा निर्णय झाला. जलालपूरच्या ज्या गोखल्यांच्या घरात त्या वाढल्या, तिथे वडिलांच्या सोवळ्याने साऱ्या घराला वेठीस धरले होते. पाणी, विटाळ, धुणे यांशिवाय दुसरा विचार नाही. अशा घरातली मुलगी एके दिवशी स्वतःला विचारते, की ही जात केली कुणी? देवाने की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांसारखी माणसांतही ती अंगावर दिसली असती. विचार करीत करीत ती या निर्णयाला येते, की हे देवाचे काम नव्हे. आणि मग कुणाच्याही हातचे पाणी घ्यायचे ठरवते. कुणी प्रवचन दिलेले नाही, कुणी आग्रह केलेला नाही, स्वप्न नाही, आवाज नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. पुस्तक मिटल्यावर तो विधी आठवत नाही, तो पाण्याचा विचार आठवतो.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधने’त निर्णयाच्या तीन वेळा सांगितल्या आहेत. एक, जेव्हा देव इच्छेलाच असे खेचतो की संशयाला जागा राहत नाही, जसे मत्तयाचे किंवा पौलाचे झाले. दुसरी, जेव्हा मनात सांत्वन आणि शुष्कता आळीपाळीने येतात आणि त्यांची पारख करीत वाट सापडते. तिसरी शांत वेळ, जेव्हा माणूस बुद्धीने दोन्ही बाजू तोलतो. आपल्या धर्मग्रामातल्या बोलण्यात पहिल्या वेळेला फार मान आहे. साक्ष द्यायला उभा राहिलेला प्रत्येकजण पहिल्या वेळेचीच गोष्ट सांगू पाहतो. ‘मी कागदावर फायदे-तोटे मांडले आणि मग प्रार्थना करून ठरवले’ असे सांगणाऱ्याला कुणी टाळ्या देत नाही. लक्ष्मीबाईंचा निर्णय तिसऱ्या वेळेचा. बुद्धीने तोललेला, कोरडा, घरगुती. इग्नेशियस यांनी त्याला पहिल्यापेक्षा कमी ईश्वरी मानलेले नाही, हे आपण विसरतो.

त्याच ग्रंथातले आणखी एक कलम इथे लागू पडते. काही निर्णय एकदा झाले की पुन्हा निवडीचा विषय होऊ शकत नाहीत, असे इग्नेशियस सांगतात, आणि उदाहरणे देतात ती धर्मगुरुपदाची आणि विवाहाची. म्हणजे विवाहित माणूस देवापुढे बसतो तेव्हा तो एकटा बसलेला नसतो. त्याचा एक निर्णय आधीच झालेला असतो आणि तो शेजारच्या खोलीत भाकऱ्या करीत असतो. साधनेचा ग्रंथ मुख्यतः एकांतात बसलेल्या एका जिवासाठी आहे, ही त्याची ताकद आणि आमच्यासारख्या प्रापंचिकांपुरती त्याची मर्यादाही. पण इग्नेशियस आणि त्यांचे सोबती स्वतः १५३९ साली रोममध्ये एकत्र बसले, आपण संघ स्थापून एकाच्या आज्ञेत राहावे की नाही हे ठरवायला. तेव्हा एका दिवशी प्रत्येकाने विरुद्ध बाजूची कारणे सांगायची आणि दुसऱ्या दिवशी अनुकूल बाजूची, अशी रीत त्यांनी पाळली. गोव्यात ज्यांच्या पार्थिवाचे दर्शन आपण घेतो ते संत फ्रान्सिस झेवियर त्या सोबत्यांपैकी. संतांनाही एकमेकांचे ऐकायला कित्येक आठवडे लागले. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२२ पासून पारख या विषयावर जी प्रवचनमाला दिली आणि २०२१ ते २०२४ पर्यंत जी सिनड चालवली, तिच्यामागे ही जुनी रीत आहे. आपल्या घरांत ती पोचली आहे असे मात्र म्हणवत नाही.

पुस्तकाविषयी एक तक्रार नोंदवली पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद कधीकधी पडद्याचे काम करतो. जिथे वाचकाला त्यांचा राग पाहायचा असतो, नेमक्या तिथे त्या हसवतात आणि पुढे जातात. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बावीस वर्षांनी पुन्हा एक हाक, पुन्हा तोच झपाटा, पुन्हा घरात पगार नाही. पहिल्या वेळी अंधारात असलेली पत्नी या वेळी डोळ्यांसमोर आहे. तिला काय वाटले, ते सांगण्याइतकी तिची लेखणी आता समर्थ आहे. तरी मला त्या भागात जेवढे हवे होते तेवढे मिळाले नाही. दोन वर्षांत टिळक गेले, ‘दरबारा’ला स्थैर्य आले नाही. तो ईश्वरी मार्गदर्शनाचा निर्णय होता की थकलेल्या कवीचे शेवटचे स्वप्न? पुस्तक यावर गप्प राहते. आमच्यापैकी काहींना हे गप्प राहणे पतिनिष्ठा वाटले, काहींना शहाणपण. मला ती उणीव वाटते, आणि ती तशीच वाटत राहो.

आमच्या बैठकीतला शेवटचा एक प्रसंग सांगतो. त्यातल्या व्यक्तींची परवानगी घेतली आहे. खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग केंद्र असल्यामुळे दूरदूरची माणसे इथे खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांच्या निर्णयांचे ओझे आपण जिन्यात, औषधांच्या दुकानात, चर्चच्या बाकावर रोज पाहतो. आमच्या सभासदांपैकी एका बाईंचे वडील गेले वर्षभर आजारी होते. वय एक्याऐंशी. आणखी एक औषधोपचार द्यावा की थांबावे, हे कुटुंबाला ठरवायचे होते. तीन भावंडे, तिघांची प्रार्थना, तीन उत्तरे. धाकट्याला नोवेना संपताना ‘पुढे जा’ असे वाटले. मोठा म्हणे, देवाने इतके दिवस दिले ते पुरे. त्या बाई म्हणाल्या, ‘मला थांबावेसे वाटते. पण हे देव सांगतो आहे की माझी थकलेली कंबर सांगते आहे, कसे ओळखायचे?’

कुणी इग्नेशियस यांचा नियम सांगितला, की मन शुष्क असताना आधीचा निर्णय बदलू नये. नियम खरा, पण त्या क्षणी तो काठीसारखा लागला. बराच वेळ कुणी बोलले नाही. त्या दिवशी आम्ही निराळ्या चुलीचे पान वाचलेले होते. माझ्या पत्नीने विचारले, ‘बाबांना विचारले का?’

विचारले नव्हते. त्यांना त्रास नको म्हणून सारी चर्चा बाहेरच्या खोलीत होत होती. दुसऱ्या दिवशी विचारले. ते म्हणाले, औषधाचे तुम्ही आणि डॉक्टर पाहा, पण नाताळ मला गावी करायचा आहे, आणि फादरांना घरी आणून ख्रिस्तशरीर द्या. इथल्या बाकावर बसवत नाही. मग डॉक्टरांशी नव्याने बोलणे झाले. डॉक्टरांनीही तोवर त्यांचे म्हणणे मुलांकडूनच ऐकलेले होते. उपचार थांबले. नाताळ गावी झाला. फेब्रुवारीत ते गेले. धाकटा मुलगा अजून म्हणतो की एक औषध राहून गेले, आणि त्याला कुणी गप्प करीत नाही.

‘स्मृतिचित्रे’चे तीन भाग वाचून झाले आहेत. चौथा भाग येत्या रविवारी आमच्याकडे सुरू करायचा आहे. वाचण्याची पाळी पत्नीची आहे. तुळशीचे रोप कधीच गेले. त्याच कुंडीत आता कढीपत्ता आहे, आणि बैठकीला आलेल्या बायका जाताना त्याची एकेक डहाळी घेऊन जातात.